तात्पुरता स्मृतिभ्रंश म्हणजे काय?



पाठ केलेली कविता गुरुजींसमोर आठवली नाही, तर तो काही आजार नव्हे. पण कधी कधी धडधाकट माणसाची आठवण काही तासांपुरती बंद पडते. त्याला तात्पुरता स्मृतिभ्रंश म्हणतात. आमच्या घरीच हे घडले, म्हणून मी त्याची माहिती मिळवली.

आपल्या मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतल्या अंगाला एकेक वळलेला भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेतील त्याच्या नावावरून त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. आपण जे नवीन पाहतो, ऐकतो ते आधी येथे नोंदले जाते आणि मग हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्के होते. दूध संस्थेचेच उदाहरण घ्या. सकाळी आपण दूध घालतो, तिथला माणूस लिटर आणि फॅट वहीत मांडतो. एखाद्या सकाळी त्याने वहीच उघडली नाही तर? मागची पाने जशीच्या तशी राहतील, पण त्या सकाळचे पान कोरे. नंतर कितीही शोधा, त्यात काही सापडायचे नाही.

आबांचे तसेच झाले. पौष महिन्यात ते पहाटे पंचगंगेवर आंघोळीला गेले. परत आले ते एकच विचारू लागले, "आज वार कुठला गं?" मी म्हटले, "मंगळवार, आबा." दोन मिनिटांनी पुन्हा तेच. असे तीस-चाळीस वेळा झाले असेल. पण माझे नाव, आजीचे माहेर, शेताचा गट नंबर सगळे त्यांना ठाऊक! म्हशीची धारसुद्धा नीट काढली. हाताला बसलेली सवय मेंदूच्या दुसऱ्या भागात असते ना. धाकटा भाऊ हसायला लागला. आजीने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. शेजारच्या काकी म्हणाल्या, "ह्ये बाहेरचं हाय, देवऋष्याकडं न्या." वडिलांनी ऐकले नाही. गाडी केली आणि आबांना कोल्हापूरला थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सी.पी.आर.मध्ये नेले.

तिथे हातपाय उचलायला लावले, बोलणे तपासले, डोक्याचा फोटो काढला. तिन्हीसांजेला आबा आपोआप भानावर आले. या प्रकाराला ट्रान्झिएंट ग्लोबल ॲम्नेशिया असे नाव अमेरिकेतील फिशर व ॲडम्स या डॉक्टरांनी दिले. तो बहुधा पन्नाशीपुढच्या माणसांना होतो आणि २४ तासांच्या आत संपतो. एकदम थंड पाण्यात शिरणे, फार अंगमेहनत, मनाला मोठा धक्का, अशा गोष्टींनंतर तो झालेला आढळतो. कारण मात्र शास्त्रज्ञांना अजून पुरते उमगलेले नाही. बहुतेकांना तो पुन्हा होत नाही. पण त्या मंगळवारचे पान कोरेच राहिले. नदीवर गेल्याचेही आबांना आठवत नाही.

डोक्याला मार लागल्यावरही असाच विसर पडतो. पैलवान डोक्यावर आपटला, की "कुस्ती कुणी मारली?" असे तोच विचारतो. मार बसण्याच्या आधीचे क्षण पक्के व्हायला वेळच मिळालेला नसतो. कोल्हापूर म्हणजे सिनेमाचे गाव, म्हणून सांगते : सिनेमात डोक्यावर दुसरा फटका बसला की हिरोला सगळे आठवते. ते साफ खोटे. दुसरा फटका जिवावर बेतू शकतो. अशा पैलवानाला त्या दिवशी पुन्हा आखाड्यात उतरवू नये. उलट्या होऊ लागल्या, झापड येऊ लागली किंवा डोकेदुखी वाढत गेली तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

अचानक विसर पडला की घरी वाट बघू नका. लकवा, फिट, साखर उतरणे, डोक्यातला रक्तस्राव, यांतही माणूस असाच भांबावतो, आणि फरक घरी बसून ओळखता येत नाही. १०८ नंबरला फोन केला की सरकारी रुग्णवाहिका येते, तिला पैसे पडत नाहीत. विसर कधी सुरू झाला ती वेळ कागदावर लिहून न्यावी. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी