पापणी

पावसाळ्यातली पहाट. केसपेपरवर सिस्टरनं लिहिलं होतं: पोटदुखी, उलटी. पोरगा बाविशीचा. आई सांगत होती, "रातच्याला भाकरी खाऊन चांगला झोपला, डाक्टर. खाण्यात काय तरी आलं असंल."

अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन भरून तयार होतं. मी पोटाला हात लावणार, तेवढ्यात तो माझ्याकडे बघायला मान मागे टाकू लागला. कपाळाला आठ्या, भुवया वर चढलेल्या, तरी पापण्या अर्ध्यावरच. झोप आलेला माणूस आठ्या घालत नाही. पापणीचा जोर कमी पडला की कपाळ मदतीला येतं.

आधी साखर बघितली; ती उतरली की माणूस कुठल्याही आजाराचं सोंग आणतो. ठीक निघाली. मग त्याला माझ्या बोटाकडे वर बघत राहायला सांगितलं. पापण्या हळूहळू पडद्यासारख्या खाली आल्या, दोन्ही सारख्याच. पक्षाघात असता तर एक बाजू गेली असती. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात ज्याची साथ आली ते जीबीएस बहुधा पायांकडून वर चढतं. हे वरून खाली उतरत होतं.

"काल कुठं झोपला होता?"

"भुईवरच की. खाटंवर धाकटी असती."

मण्यार. दात इतके बारीक की ना सूज, ना आग, ना धड खूण. टॉर्च घेऊन अंगभर शोधलं, काही मिळालं नाही. खुणेसाठी थांबायचं नसतं. सर्पविषावरच्या एएसव्हीच्या १० बाटल्या सलाइनमधून सुरू केल्या. निओस्टिग्मिनही देऊन पाहिलं, पण ते नागाला जसं उपयोगी पडतं तसं मण्यारला क्वचितच. तिचं विष नसांची टोकंच निकामी करतं. ती सावरायला दिवस जातात.

एका श्वासात अंक म्हणायला लावणं ही माझी आवडती तपासणी, फुकटची. आधी अठरापर्यंत गेला, आवाज नाकातून. अर्ध्या तासानं अकरा. मग सात. उशीवरून डोकं उचल म्हटलं, तर नुसत्या गळ्याच्या शिरा ताणल्या. बोटावरचा ऑक्सिमीटर अजूनही ९७ दाखवत होता. त्याच्यावर विसंबलो असतो तर फसलो असतो. नळी घातली.

थोड्या वेळानं सगळंच थांबलं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, टॉर्चलाही हलेनात. आईनं हंबरडा फोडला. पण हे विष स्नायू बांधून ठेवतं. मेंदू आणि कान जागेच असतात. मी त्याच्या कानाशी वाकलो. "तुला ऐकू येतंय, ठाऊक आहे मला. श्वास आम्ही देतोय. घाबरू नकोस."

१०८ मधून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला दोन तास लागले. वाटभर सिस्टर अंबू बॅग दाबत होत्या आणि जागं राहायला ड्रायव्हरशी बोलत होत्या: पोराचा क्लास, त्याची फी, नवऱ्याची टाळाटाळ.

तीनेक आठवड्यांनी तो आपल्या पायांनी ओपीडीत आला. आधी सिस्टरसमोर जाऊन उभा राहिला.

"ताई, फी भरली का मग?"