गोसिनीची अठरा वर्षं, माझ्या पसंतीनुसार

२९ ऑक्टोबर १९५९ला फ्रान्समध्ये ‘पिलोत’ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला आणि त्यात रोमनांना दाद न देणाऱ्या गॉल गावातला अ‍ॅस्टेरिक्स पहिल्यांदा लोकांसमोर आला. ५ नोव्हेंबर १९७७ला त्याचा लेखक रने गोसिनी हृदयाची तपासणी सुरू असतानाच गेला. वय अवघं ५१. या अठरा वर्षांत त्याने चित्रकार उदेर्झोच्या जोडीने अ‍ॅस्टेरिक्सच्या २४ चित्रकथा रचल्या. मॉरिसच्या ‘लकी ल्यूक’ या काउबॉय चित्रमालिकेचं लेखन तर १९५५पासूनच चालू होतं. आपल्याकडे बहुतेकांनी अ‍ॅस्टेरिक्स वाचला तो अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज यांच्या इंग्रजीतून. नावं मी तिथलीच घेतो.

हे सगळं पुन्हा सलग वाचलं आणि मनाशी एक गोष्ट पक्की झाली. गोसिनीची खरी ताकद दिसते ती हाणामारीत नाही. सीझर फौज बाजूला ठेवतो आणि गाव आतून फोडायला बघतो, तिथे ती दिसते. गावकऱ्यांना अफाट ताकद देणारा जादूचा काढा रोमन पलटणींना पुरून उरतो. हेवा आणि हाव यांच्यावर मात्र त्याची मात्रा चालत नाही.

म्हणून माझ्या यादीत पहिला क्रमांक ‘द मॅन्शन्स ऑफ द गॉड्स’चा (१९७१). गावाभोवतीचं जंगल तोडून सीझर तिथे रोमन नागरिकांसाठी इमारती उठवतो. पॅरिसजवळच्या पार्ली-२ या तेव्हाच्या नव्या वसाहतीवर केलेली ही टीका आहे, पण संगमरवरात कोरलेलं ते माहितीपत्रक मुंबई-पुण्यात टॉवरच्या जाहिराती वाचणाऱ्यालाही ओळखीचं वाटेल. या कामावरच्या गुलामांना काढा मिळतो तेव्हा ते पळून जात नाहीत, मजुरी आणि मुक्तता मागतात. ते पाहून रोमन सैनिकच संपावर जातात! आणि रोमन बिऱ्हाडं राहायला आल्यावर जे होतं ते तर मला गोसिनीचं सर्वांत धारदार लेखन वाटतं. नवं गिऱ्हाईक दारात आलं की गावात जो तो मासळी नाहीतर जुनी हत्यारं विकायला बसतो, भाव चढतात आणि शेजारी शेजाऱ्याच्या उरावर बसतो. तलवार न उपसता सीझर जवळजवळ जिंकलेला असतो.

दुसरा ‘द रोमन एजंट’ (१९७०). सीझरचा एक माणूस येतो, गावातला सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणून अ‍ॅस्टेरिक्सला मौल्यवान फुलदाणी देतो, आणि तेवढ्याने मुखियाच्या घरापासून सगळीकडे ठिणगी पडते. भांडणाऱ्यांचे संवाद हिरव्या फुग्यांत येतात. कॉमिकच्या पानावर मत्सर इतका नेमका दाखवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

तिसरा ‘ओबेलिक्स अँड कंपनी’ (१९७६). सीझरच्या तरुण अर्थतज्ज्ञाला चेहरा दिलाय फ्रेंच राजकारणी जाक शिराक यांचा. तो अ‍ॅस्टेरिक्सचा मित्र ओबेलिक्स याचे मेनहिर, म्हणजे ते अजस्र दगड, चढ्या भावाने विकत घेत सुटतो. मागणी, जाहिरात, नकली माल, मग कोसळलेला बाजार: अर्थशास्त्राचा आख्खा धडा. त्याहून मला लागतं ते ओबेलिक्सचं एकटं पडणं. पैसा येतो आणि अ‍ॅस्टेरिक्ससोबत शिकारीला जायला वेळ उरत नाही.

चौथी जागा लकी ल्यूकच्या ‘मा डाल्टन’ला (१९७१). खरे डाल्टन डाकू मॉरिसने आपल्या गोष्टीत आधीच मारले होते; त्यांचे चार चुलतभाऊ गोसिनीने कायमचे मुक्कामाला आणले. इथे त्यांची आई भेटते. तिचा जीव सगळ्यांत बावळट अ‍ॅव्हरेलवर, आणि थोरला जो त्यावरून धुमसत राहतो. तोच हेवा, फक्त घरातला.

‘अ‍ॅस्टेरिक्स इन बेल्जियम’ मी क्रमात धरत नाही. तो पूर्ण होण्याआधी गोसिनी गेला आणि उदेर्झोने पुढच्या पानांत भरून आलेलं आभाळ आणि पाऊस काढला. ती पानं मी गुण देण्यासाठी वाचू शकत नाही.

पाचवा ‘अ‍ॅस्टेरिक्स अँड क्लिओपात्रा’. अनेक जण तो पहिला धरतील. तीन महिन्यांत राजवाडा उभारण्याची ती धांदल, स्फिंक्सचं तुटणारं नाक, उदेर्झोची भव्य चित्रं, सगळं मला मनापासून आवडतं. हेवा तिथेही आहे, पण तो दोन इजिप्शियन वास्तुविशारदांमधला. अ‍ॅस्टेरिक्सच्या गावाला त्याची झळ लागत नाही.