सातवा प्राणी

मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीच्या पर्वावर, शहादा तालुक्यातील तापीकाठच्या सारंगखेडा या गावी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्या घोडेबाजारात मारवाडी, काठेवाडी, पंजाबी जातींची जनावरे दूरदूरच्या प्रांतांतून येऊन दाखल होतात. तेथील मुरलेले गिऱ्हाईक झूल आणि गोंडे यांकडे ढुंकूनही न पाहता आधी दात तपासते, मग भोवरे न्याहाळते आणि शेवटी जनावर चालवून पाहते. जावा भाषेत वेबवरील प्रणाली उभारू पाहणाऱ्याने, महाजालावर विनामूल्य मिळणाऱ्या मुक्तस्रोत नमुन्यांची पारख करताना, हाच शिरस्ता पाळावा.

समजा, या बाजारातील खरेदी-विक्रीचे दफ्तरच संगणकावर आणावयाचे आहे. त्यासाठी सहज हाती लागणारा नमुना म्हणजे ‘स्प्रिंग पेटक्लिनिक’, अर्थात पाळीव प्राण्यांच्या दवाखान्याची छोटीशी प्रणाली. तिची रचना सुबोध आहे आणि तिच्यासोबत चाचण्याही येतात. तिच्या यादीत मांजर, कुत्रा, सरडा, साप, पक्षी आणि हॅमस्टर असे सहाच प्रकार, घोडा नाही. ही उणीव क्षुल्लक, एका ओळीने भरून निघणारी. खरी अडचण पुढेच आहे. प्राण्याची जन्मतारीख तेथे सक्तीची, आणि बाजारात तर घोड्याचे वय दातांवरून अदमासाने ठरते. तेव्हा अर्ज पुढे सरकावा म्हणून कारकून एखादी कल्पित तारीख ठोकून देईल आणि ती पुढे वर्षानुवर्षे अस्सल दस्तऐवजाच्या थाटात वावरेल. शिवाय प्राण्यापाशी मालक एकच नोंदलेला असतो; त्या जागी नवे नाव लिहिले की जनावर कोणाकडून, केव्हा, किती किमतीस आले ही हकिकत, जिच्यासाठी दफ्तर ठेवावयाचे, तीच नाहीशी होते. दवाखान्यास तिची गरज नव्हती, एवढेच.

याच नमुन्यात प्रवेशासाठी परवलीचा शब्द नाही, आणि मूळ मांडणीत विदागार केवळ स्मृतीत राहत असल्यामुळे प्रणाली बंद होताच नव्या नोंदी लुप्त होतात. शिकणाऱ्यास हे सोयीचे, कचेरीस घातक.

नमुन्याचा हेतू न पाहता त्याचे मोजमाप केल्याने मोठे कज्जेही झाले आहेत. या शतकाच्या आरंभी सन कंपनीने रचनेचा वस्तुपाठ म्हणून ‘जावा पेट स्टोअर’ प्रसिद्ध केले. मायक्रोसॉफ्टने तेच दुकान आपल्या डॉटनेट या मंचावर बांधून, आपले कमी ओळींचे आणि अधिक वेगवान असल्याची दवंडी पिटली. सनची कैफियत अशी की, ते वेगासाठी लिहिलेलेच नव्हते. 2002 मध्ये क्लिंटन बिगिन यांनी ‘जेपेटस्टोअर’ रचून या वादात उडी घेतली, आणि गंमत अशी की दुकानापेक्षा त्यातील विदागाराशी बोलणारा ‘आयबॅटिस’ हा भागच नावारूपास आला.

नमुन्याच्या वयाची परीक्षा त्यामानाने सोपी. संहितेच्या प्रारंभीच ‘जकार्ता’ऐवजी ‘जावाएक्स’ या नावाची वेब-आयात दिसली, तर नमुना स्प्रिंग बूट या चौकटीच्या 2022 मधील तिसऱ्या आवृत्तीपूर्वीचा समजावा. अवलंबित ग्रंथालयांच्या यादीत लॉग4जेची डिसेंबर 2021 पूर्वीची दुसरी आवृत्ती असेल, तर ती त्या महिन्यात जगभर गाजलेल्या सुरक्षा-छिद्रासह घरी येईल.

परवान्याचा कागद मात्र सर्वांत आधी मागावा. पेटक्लिनिकचा अपाची 2.0 परवाना बदल करण्यास आणि विकण्यासही मुभा देतो, हमी मात्र कसलीच देत नाही. ज्या नमुन्यासोबत परवानाच नाही, तो सर्वांस दिसत असला तरी त्याचे हक्क लेखकाकडेच राहतात, आणि त्याच्या अनुमतीवाचून तो कचेरीत वापरता येत नाही.