दोष कीं नियम?

संगणकावरील फुटबॉलच्या खेळांत मुलांचें मन किती गुंतलेलें असतें, हें हल्लीं घरोघर दिसतें. आमच्या मीरा-भाईंदरसारख्या नगरांत इमारती वाढल्या आणि मोकळीं पटांगणें आटलीं. तेथें पुष्कळ मुलांचें मैदान म्हणजे हा पडदाच होय. त्यांत हार झाली कीं "यंत्राची चूक!" असा पुकारा होतो, आणि "तुलाच खेळतां येत नाहीं," असें वडील मंडळी उत्तर देतात. दोन्ही निवाडे पुराव्यावांचून दिलेले असतात. या वादाचा निर्णय कसा करावा, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम खेळाचे मूळ नियम तपासावे. चढाईचा खेळाडू प्रतिपक्षाच्या सर्व बचावपटूंच्या पुढें उभा असतां त्यास चेंडू मिळाला आणि निशाण उचललें गेलें नाहीं, तर मूल खवळतें. परंतु तो चेंडू बाजूच्या रेषेवरून हातानें फेकलेला असेल, अथवा कोपऱ्यावरून किंवा गोलकिकनें थेट आलेला असेल, तर तेथें 'ऑफसाइड' मुळींच होत नाहीं. तसेंच पूर्वीं गोलकिकचा चेंडू पेनल्टी-क्षेत्राबाहेर गेल्यावांचून खेळांत येत नसे. २०१९ सालीं हा नियम बदलला. आतां आपल्याच बचावपटूस तो क्षेत्राच्या आंत घेतां येतो. जुना नियम पाठ असलेल्या एखाद्या मामांस हें यंत्राचें अज्ञान वाटेल; पण येथें यंत्रच बरोबर असतें. व्याकरणांत उत्सर्गास अपवाद असतो, आणि अपवाद म्हणजे अशुद्ध रूप नव्हे, हें संस्कृत शिकलेल्यांस सांगावयास नको.

दुसरी गोष्ट गणिताची. "वीस वेळां चेंडू मारला, एकही गोल नाहीं!" ही तक्रार नेहमींची आहे. प्रत्येक फटक्यास गोल होण्याचा संभव दहांत एक धरला, तर वीसही फटके वायां जाण्याचा प्रसंग शंभर सामन्यांत सुमारें बारा वेळां येणारच. २०१८ च्या विश्वचषकांत २७ जून रोजीं कझान येथें जर्मनीनें दक्षिण कोरियाविरुद्ध २६ फटके मारले. गोल एकही झाला नाहीं, आणि ०–२ अशी हार खाऊन तो जगज्जेता संघ पहिल्याच फेरींत बाहेर पडला. खऱ्या मैदानावर जें घडतें, तें पडद्यावर कधींच न घडेल, तर उलट तोच दोष मानावा लागेल.

मग खरा दोष कसा ओळखावा? तीच परिस्थिति पुनःपुन्हा उभी केली असतां जो विकार वारंवार प्रकट होतो, आणि तिच्यांतील एक विशिष्ट कारण काढून घेतल्याबरोबर जो नाहींसा होतो, तो बहुधा दोषच होय. न्यायशास्त्रांत यासच अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कांहीं दोष तर उघडच असतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं कोनामी या जपानी कंपनीचा 'ई-फुटबॉल २०२२' हा खेळ बाहेर पडला, तेव्हां खेळाडूंचे चेहरे इतके विद्रूप दिसले कीं कंपनीस क्षमा मागावी लागली. पण बहुतेक दोष सूक्ष्म असतात. त्यांसाठीं मुलानें वहींत टिपून ठेवावें: खेळाची आवृत्ति कोणती, सामन्याचें मिनिट कोणतें, काय अपेक्षिलें, काय झालें, आणि कितीदां झालें. अशी तक्रार खेळाच्या कर्त्यांस उपयोगी पडते. नुसत्या संतापाची चिठी टोपलींत जाते.

मात्र जें हेतुपुरस्सर, तें सर्व योग्यच, असेंही नव्हे. पैसे भरून बंद पुडकें घ्यावें, आणि आंत कोणता खेळाडू निघेल हें आधीं कळूं नये, ही युक्ति कर्त्यांनीं जाणूनबुजून घातलेली असते. बेल्जमच्या द्यूतनियामक मंडळानें २०१८ सालीं 'फिफा' या खेळांतील अशा पुडक्यांस जुगार ठरविलें. पुढें २०१९ च्या जानेवारीअखेर कंपनीनें त्या देशांत खेळांतलीं नाणीं विकणें बंद केलें. अशा ठिकाणीं दोष शोधीत बसूं नये. निषेध करावा आणि पैशाची पिशवी बांधून ठेवावी.

तात्पर्य, आधीं नियम, मग गणित, मग पुनःप्रयोग, आणि सर्वांच्या शेवटीं तक्रार, हा क्रम मुलांच्या अंगीं बाणला, तर खेळांत गेलेला वेळ सर्वस्वीं फुकट गेला असें म्हणतां येणार नाहीं. हरल्यावर कारण शोधणारें मूल आणि हरल्यावर सबब शोधणारें मूल, यांतील अंतर पुढें आयुष्यभर वाढत जातें. वडील मंडळींनींही निवाडा देण्यापूर्वीं एक सामना त्याच्या शेजारीं बसून पाहावा, एवढीच आमची विनंति आहे.