मरळीची पिल्ले

आमच्या भंडारा-गोंदिया भागात जुने मालगुजारी तलाव पुष्कळ आहेत. तलाव तोच, पण ऋतू बदलला की मासा जागा बदलतो. थंडीत तो खोल पाण्यात सुस्त पडतो. तेव्हा ऊन चढल्यावर गळ टाकावा. उन्हाळ्यात पाणी आटते. पहाटे पाण्यातला प्राणवायू फार कमी होतो. मग मासे वर येऊन तोंड उघडतात.

पावसाळ्यात मात्र जपावे. रोहू, कटला बंद तलावात अंडी घालत नाहीत. त्यांचे बीज पैसे देऊन आणावे लागते. मरळीचे तसे नाही. ती काठच्या गवतात अंडी घालते. थोड्या दिवसांनी पाण्यावर तांबड्या पिल्लांचा घोळका दिसतो. खाली आईबाप राखणीला असतात. तिथे बेडूक लावून गळ टाकला, की मरळ झडप घालते. भुकेने नव्हे, पिल्लांच्या काळजीने! मासा सोपा मिळतो. पण राखणदार गेला, की बाकीचे मासे पिल्ले गिळतात. मग पुढे मरळ कुठून मिळणार?

आम्हीही अशा मरळी धरल्या आहेत, खोटे कशाला सांगू? आता घोळका दिसला, की गळ गुंडाळतो आणि दुसऱ्या काठाला जातो. तांबडा रंग जाऊन पिल्ले पांगली, की मग पुन्हा त्या जागी येतो.