जलपर्णीला तुटण्याचं भय नाही

बेंगळुरूच्या शिवाजीनगरपासून हलसूर तलाव फार लांब नाही. तिथल्या पाण्यावर जलपर्णी वारंवार पसरते. त्याच शहरात, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या जुन्या झाडांवर, रात्री लोरिस हा छोटासा प्राणी हिंडतो. वजन पाव किलोच्या आसपास, शेपूट नाही, डोळे चेहऱ्याच्या मानाने भलतेच मोठे. कानडीत त्याला ‘काडुपापा’ म्हणतात.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेचं रोप म्हणून जगभर गेली. तिच्या फुगीर देठांत हवा असते, म्हणून ती तरंगते. रोपाला आडवे धुमारे फुटतात आणि टोकाला नवं रोप येतं. धुमारा तुटला तरी बिघडत नाही, उलट सुटलेलं रोप वाहत जाऊन दुसरीकडे संसार मांडतं. नायट्रोजन-फॉस्फरसने भरलेलं सांडपाणी मिळालं, की दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. हे सांडपाणी शहरच पुरवतं. मग यंत्रं लावून ती उपसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. शिवाय बिया गाळात वर्षानुवर्षं टिकतात.

लोरिसचं सगळं संथ. साडेपाच महिन्यांच्या गर्भकाळानंतर एक किंवा दोन पिल्लं. तो किडे खातो, म्हणजे बागेचा मित्रच. पण त्याला उडी मारता येत नाही! चिमट्यासारख्या पंजांनी एक फांदी सोडण्याआधी दुसरी धरावी लागते. दोन झाडांच्या फांद्या भिडलेल्या नसतील तर रस्ता संपला. मग जमिनीवर उतरायचं, तिथे कुत्री आणि वाहनं. नाहीतर विजेच्या तारा. जोड तुटला की जलपर्णी वाढते, लोरिस अडकतो.

२०१४पासून काबेरी कर गुप्ता यांच्या पुढाकाराने ‘अर्बन स्लेंडर लोरिस प्रोजेक्ट’चे स्वयंसेवक रात्री विजेरी घेऊन त्याचे चमकणारे डोळे शोधतात. श्रीलंकेतला तांबडा लोरिस जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. आपल्याकडचा करडा लोरिस त्याच्या दोन पायऱ्या अलीकडे, असं समजून निश्चिंत होऊ नये: अंधश्रद्धेपायी आणि पाळण्याच्या हौसेपायी तोही पकडला जातो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. तो घरात ठेवणं गुन्हा आहे.

बेंगळुरूतल्या मराठी वाचकांना एकच विनंती: सोसायटीतली झाडं छाटायला माणूस आला, तर शेजारच्या झाडाला टेकलेली एखादी फांदी तरी राहू द्या.