कॅल्शियम हाडातच राहतं

गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पाय घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. वय ६९. प्लास्टर घालून आम्ही घरी पोचतोय तोवर शेजारच्या काकू दारात उभ्याच होत्या. "रोज पायाचं सूप दे हो तिला. कॅल्शियम असतं त्यात, हाड पटकन सांधतं." दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आली ती पिशवीत बकऱ्याचे चार पाय घेऊनच.

महाराष्ट्रात मटण खाणाऱ्या घरांमध्ये हा सल्ला कुणी कुणाला शिकवावा लागत नाही. हाड मोडलं की पायाचं सूप, बाळंतीण घरी आली की पायाचं सूप, आजारपणातून उठलेल्या माणसाला पायाचं सूप. आता शहरांत हेच 'बोन ब्रोथ' नावाने बाटलीत आणि पावडरीच्या डब्यात विकलं जातं, गुडघ्यांपासून त्वचेपर्यंत सगळं सुधारेल अशा आश्वासनासह. मला मामीचं सूप फार आवडतं, आणि आईने ते प्यावं अशीच माझी इच्छा होती. पण त्यात काय असतं आणि काय नसतं, हे नीट कळायला हवं असंही वाटत होतं. म्हणून मी मामीशेजारी ओट्यापाशी उभी राहिले.

मटणवाल्याने पाय भाजून, खूर उडवून, सांध्यांवर तोडून दिले होते. तरी मामीने एकेक तुकडा चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर फिरवला. राहिलेले केस चुरचुरत जळाले, स्वयंपाकघरभर तो ओळखीचा करपट वास पसरला. मग सुरीने खरवडणं, गव्हाचं पीठ चोळून दोनदा धुणं. कुकरमध्ये हळद, मीठ, ठेचलेलं आलं-लसूण, अख्खे मिरे, एक कांदा, तमालपत्र आणि तुकडे बुडून वर चार बोटं राहील एवढं पाणी. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, नंतर बारीक आचेवर पाऊण तास. कुकर उघडला तेव्हा वर पिवळसर तवंग होता आणि खालचं पाणी दाट झालं होतं. वाटीभर प्यायल्यावर ओठ एकमेकांना चिकटतात, तसं.

उरलेलं सूप रात्री फ्रीजमध्ये गेलं. सकाळी पातेलं बाहेर काढलं तर वर चरबीचा पांढरा थर आणि त्याखाली थरथरणारी जेली. पातेलं तिरकं केलं तरी न सांडणारी. दुसऱ्या एका वाडग्यात मामीने चोथा काढून ठेवला होता. त्यातलं एक छोटं हाड मी बोटांत धरून दाबलं आणि ते खडूसारखं चुरलं. पायाच्या सुपाचं सगळं विज्ञान या दोन भांड्यांत होतं. जेली एकीकडे, चुरा दुसरीकडे.

हाड हा दोन पदार्थांचा मिलाफ आहे. त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचा. उरलेला भाग प्रथिनांचा, आणि त्यात बहुतेक सगळं कोलॅजेन. खनिजामुळे हाडाला कणखरपणा येतो, कोलॅजेनमुळे चिवटपणा. घरी मुलांना दाखवण्यासारखा एक प्रयोग आहे. कोंबडीच्या तंगडीचं साफ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदला. काही दिवसांनी ते रबरासारखं वाकतं. आम्लाने खनिज विरघळलं, मागे राहिलं कोलॅजेन. कुकरमध्ये याच्या बरोबर उलट घडतं. उष्णता आणि पाणी कोलॅजेन बाहेर काढतात, खनिज जागच्या जागी राहतं, कारण हे स्फटिक साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. माझ्या बोटांत चुरलं ते हाडाचं राहिलेलं खनिज होतं. म्हणजे ज्या कॅल्शियमसाठी आपण सूप करतो, ते आपण सूप गाळून टाकून देतो.

ही गोष्ट नव्याने कळलेली नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये मॅकान्स, शेल्डन आणि एल्सी विडोसन यांनी १९३४ साली हाडांचं सूप मोजून पाहिलं होतं, कारण तेव्हा ते लहान मुलांना पौष्टिक म्हणून पाजलं जाई. दुधाच्या तुलनेत त्यात कॅल्शियम फारच थोडं निघालं. अलीकडे, २०१७ मध्ये, तैवानच्या संशोधकांनी पुन्हा मोजमाप केलं. पाण्यात आम्ल घातलं की कॅल्शियम जास्त उतरतं हे त्यांना दिसलं. व्हिनेगर घालण्याच्या सल्ल्यात तेवढं तथ्य आहे. पण तरीही एका वेळच्या सुपातून दिवसाच्या गरजेच्या पाच टक्क्यांइतकंही कॅल्शियम मिळत नव्हतं. प्रौढ माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅमच्या आसपास, उतारवयातल्या बाईची त्याहून थोडी अधिक. २०० मिलिलिटर दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम येतं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. आणि हाडातलंच कॅल्शियम हवं असेल तर ते चावून खावं लागतं. कुरकुरीत तळलेली मांदेली काट्यासकट खाणारं कोकणातलं माणूस ते रोज करतं.

मग त्या थरथरणाऱ्या जेलीचं काय? सुपातला खरा ऐवज ती आहे, आणि तिची गोष्ट मद्रासहून सुरू होते.

१९५२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रास विद्यापीठात आले होते. कोलॅजेनच्या रेणूची रचना अजून कुणाला नीट उलगडलेली नाही, असं बोलण्यात निघालं आणि तिशी नुकती गाठलेल्या जी. एन. रामचंद्रन यांनी तो प्रश्न हाती घेतला. कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीसारख्या भागाचा, नमुना त्यांना मिळाला. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी आणि गोपीनाथ कर्ता यांनी रचना मांडली आणि १९५४ मध्ये ती 'नेचर'मध्ये छापून आली. कोलॅजेन म्हणजे तीन पेडांची वेणी, हा त्या शोधाचा गाभा. वेणीच्या मधोमध जागा इतकी अरुंद असते की तिथे ग्लायसिन हे सगळ्यांत छोटं अमिनो आम्लच मावतं. म्हणून प्रत्येक पेडात दर तिसरा मणी ग्लायसिनचा. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांचा जवळपास एक तृतीयांश भाग या वेण्यांचा आहे. त्वचा, कंडरा, कूर्चा, हाडं, सगळीकडे त्या आहेत. एका भारतीय प्रयोगशाळेतून, बेताच्या साधनांनिशी निघालेलं हे काम आपल्या शाळांमध्ये जेवढ्या अभिमानाने सांगायला हवं तेवढं सांगितलं जात नाही.

कुकरमध्ये ही वेणी सुटते. पेड सैरभैर होऊन पाण्यात उतरतात, त्याला आपण जिलेटिन म्हणतो. सूप थंड झालं की ते एकमेकांत अर्धवट गुंततात आणि त्या जाळीत पाणी अडकतं, तीच जेली. साधारण शरीराच्या तापमानाला ती पुन्हा वितळते, म्हणून जिभेवर विरघळते. मांडीच्या नळीपेक्षा पायांचं सूप जास्त घट्ट जमतं, कारण पायात मांस नावाला आणि कातडी, कंडरा, सांधेच जास्त. नळीतला मऊ गर चवीला उत्तम, पण तो मुख्यतः चरबी आहे. वेळेचं गणितही इथेच आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर अडतं, कुकरमध्ये ते १२० अंशांच्या जवळ जातं, म्हणून रात्रभराचं काम पाऊण तासात होतं.

आणि कुकर जन्मालाच आला तो हाडांसाठी. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपलं दाबाचं भांडं मांडलं आणि १६८१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, ते हाडं मऊ करण्याचं यंत्र म्हणूनच. भांडं फुटू नये म्हणून त्याने बसवलेली झडप ही आपल्या शिट्टीची पूर्वज.

पुढे फ्रान्समध्येच या जिलेटिनवर मोठी आशा ठेवली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या रुग्णालयांत आणि गरिबांना हाडांपासून काढलेलं जिलेटिन मांसाऐवजी दिलं जाऊ लागलं. ते खरंच पोषक आहे का, हे पाहायला विज्ञान अकादमीने समिती नेमली. फ्रांस्वा माझांदी यांच्या नेतृत्वाखालच्या या समितीचा अहवाल १८४१ मध्ये आला. केवळ जिलेटिनवर ठेवलेली कुत्री जगत नव्हती. कारण पुढे समजलं: ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल जिलेटिनमध्ये मुळीच नसतं. म्हणजे सुपात प्रथिनं आहेत, पण अपुरी. रुग्णाला दिवसभर सुपावरच ठेवणं ही चूक आहे. सोबत डाळ, अंडं, दूध, मासळी यांतलं काहीतरी हवंच.

आता सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: कोलॅजेन प्यायलं तर ते आपल्या गुडघ्यात जातं का? थेट जात नाही. पोटात आणि आतड्यात त्याचे तुकडे होतात. बहुतेक सुटी अमिनो आम्लं होतात, काही दोन-तीन मण्यांचे तुकडे तसेच रक्तात पोचतात. त्यांचं काय करायचं हे शरीर ठरवतं. कोलॅजेनच्या मोजून दिलेल्या पावडरीवर झालेल्या काही चाचण्यांत सांधेदुखी आणि त्वचेच्या बाबतीत थोडा फायदा दिसला आहे. त्यातल्या अनेक चाचण्यांना पैसा पावडर बनवणाऱ्यांनीच पुरवला आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कीथ बार यांच्या गटाचा २०१७ मधला प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. आठ तरुणांना जिलेटिन आणि क जीवनसत्त्व देऊन तासाभराने सहा मिनिटं दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. १५ ग्रॅम जिलेटिन घेतल्यावर रक्तातली नव्या कोलॅजेनची खूण दुप्पट झाली. माणसं अवघी आठ, पण तिन्ही धागे एकत्र आले: कच्चा माल, क जीवनसत्त्व आणि हालचाल. वेणीचे पेड घट्ट धरायला क जीवनसत्त्व लागतंच; ते संपलं की स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येतं. मामी वाटीत वरून लिंबू पिळते, उकळताना घालत नाही, हे बरोबर आहे, कारण उकळीत ते जीवनसत्त्व नष्ट होतं. तरी लिंबातून थोडंच मिळतं. पेरूच्या चार फोडींतून कितीतरी जास्त.

या प्रयोगावरून सुपाकडे उडी मारता येत नाही, तीही मोजमापामुळे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने घरची, उपाहारगृहातली आणि विकतची सुपं तपासली. एकातही भरवशाचं प्रमाण नव्हतं. हाड कोणतं, पाणी किती, वेळ किती यावर सगळं बदलतं. तुमचं सूप फ्रीजमध्ये किती घट्ट जमतं, हीच घरगुती मोजपट्टी. पाण्यासारखं राहिलं तर जिलेटिन कमीच उतरलंय.

काळजीच्या गोष्टी थोड्या आहेत, पण महत्त्वाच्या. युरिक आम्ल वाढलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्यावं. रक्तदाब असेल तर मीठ बेताचं. हाडांत शिसं साठतं हे खरं आहे. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका तपासणीत कोंबडीच्या सुपात साध्या पाण्याहून ते जास्त आढळलं, पण पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घातलेल्या लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या आतच. खरा धोका ओट्यावर आहे. जिलेटिनचं कोमट पाणी जिवाणूंना फार मानवतं. सूप रात्रभर कुकरमध्ये झाकून ठेवू नका. पसरट भांड्यात ओतून निववा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, पिण्याआधी खळखळून उकळा.

आईने ते सूप पंधरा-वीस दिवस प्यायलं. मोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिला जेवण जात नव्हतं, भाकरी नको म्हणायची. गरम सुपाची वाटी मात्र डाव्या हाताने धरून संपवायची आणि त्यानंतर थोडा भात मागायची. भूक परतणं ही उतारवयात छोटी गोष्ट नाही, आणि त्याचं श्रेय मी मनापासून मामीला देते.

पण कॅल्शियम होतंय ना सुपातून, या समाधानात आम्ही एक गोष्ट जवळजवळ विसरलो होतो. पुढच्या तपासणीला अस्थिरोगतज्ज्ञांनी विचारलं, "उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं ना? मग हाडांची घनता मोजलीय का?" डेक्सा नावाची ती तपासणी, दहा-पंधरा मिनिटांची, न दुखणारी. आईचा आकडा उणे २.८ आला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. आता तिला त्यावरचं औषध आणि ड जीवनसत्त्व सुरू आहे.

तुमच्या घरात पन्नाशी ओलांडलेल्या कुणाचं मनगट साध्या पडण्याने मोडलं असेल, तर पायाचं सूप जरूर करा. आणि प्लास्टर निघायच्या आत डॉक्टरांना डेक्साबद्दल विचारा.